पाहणी करावी, पण पाहू नये

सर्वप्रथम अभिनंदन! जुन्या सरकारी वसाहतीतल्या घरांची 'दुरुस्ती व आधुनिकीकरण गरज पाहणी' तुमच्या गळ्यात पडली, म्हणजे तुमच्या आधीच्या चार जणांनी ती शिताफीनं चुकवली. घाबरू नका. लोकांची समजूत अशी असते की पाहणी ही दुरुस्तीची पहिली पायरी. ती शेवटची कशी करायची, एवढंच तुम्हाला शिकायचंय.

मी सांगणारा कोण? तर पुण्यात अशाच एका वसाहतीत जन्मापासून तिसऱ्या मजल्यावर राहणारा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि पेठेतलं आजोबांचं बिऱ्हाड मुठेनं नेलं. पूरग्रस्तांसाठी तेव्हा गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आमचीही त्याच धामधुमीतली. घाईनं बांधली, पण बांधली, हे आजच्या हिशेबानं नवलच. तेव्हापासून माझ्या आठवणीत सात पाहण्या झाल्या. दुरुस्ती एकदाच झाली, तीही चुकून. शेजारच्या इमारतीची वर्क ऑर्डर होती, कंत्राटदार जिना चुकला. तेव्हा अनुभव माझा, नोकरी तुमची.

आधी मुहूर्त बघा. गळतीची पाहणी वैशाखात करावी. मे महिन्यात छत असं खडखडीत असतं की पापड वाळत घालावेत. त्याच्याखाली उभं राहून 'गळती आढळून आली नाही' असं लिहिलं तर त्यात खोटं काय? छताला ओलीचे पिवळे नकाशे दिसतील, त्यांना 'जुने डाग' म्हणावं. तळमजल्यावरच्या काकू मोबाईल पुढे करतील, त्यात गेल्या जुलैतला व्हिडिओ असेल, पलंगावर परात आणि परातीत टपटप. 'काकू, हा आत्ताचा नाही ना?' एवढंच विचारावं. काकू खरं बोलणाऱ्या आहेत, नाही म्हणतील. कोणी फारच हट्ट धरला आणि जुलैत यावं लागलं, तर 'अतिवृष्टीमुळे गच्चीवर जाणे शक्य झाले नाही' हा शेरा तयार ठेवावा. हिवाळ्यात अधिवेशन असतं, साहेब नागपूरला असतात. झालं वर्ष.

हल्ली नुसत्या नजरेवर भागत नाही, यंत्रं लागतात. त्यातलं पहिलं रिबाउंड हॅमर. काँक्रीटवर ठोका द्यायचा, आतलं वजन उसळून किती मागे येतं ते मोजायचं, त्यावरून वरची कातडी किती कडक ते समजतं. नियमाप्रमाणे त्या जागेचा गिलावा काढून, पृष्ठभाग घासून, मग ठोका द्यायचा असतो. एवढं करूनही ताकदीचा अंदाज पंचवीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, असं भारतीय मानकातच लिहिलंय. मग पंचवीस टक्क्यांच्या चुकीसाठी लोकांच्या घरात धूळ कशाला? ऑइलपेंट मारलेल्या भिंतीवरच ठोका द्यावा. मागच्या वेळी आलेल्या मुलानं तसंच केलं. बिचारा सकाळपासून उपाशी होता, आईनं त्याला पोहे दिले, एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात हॅमर. अहवालात आमच्या इमारतीचा सगळ्यात भक्कम खांब म्हणून जो नोंदलाय, तो खांब नाहीच. बाबांनी १९८८ साली मोरी वेगळी करायला विटांची आडभिंत बांधली होती, ती आहे ती.

दुसरं यंत्र ध्वनिलहरींचं. काँक्रीटच्या एका अंगाला लहर सोडायची, दुसऱ्या अंगाला पकडायची. सेकंदाला साडेतीन ते साडेचार किलोमीटर वेग आला तर चांगलं, त्याच्या बराच खाली आला तर शंका. आता गंमत ऐका. ओल्या काँक्रीटमधून लहर जरा जास्तच वेगानं पळते. तेव्हा वैशाखाचा नियम एवढ्यापुरता मोडावा आणि ही चाचणी भर पावसात करावी. जितकी गळकी इमारत, तितका आकडा देखणा.

पण मला खरा आदर आहे तो फेनॉल्फ्थॅलिनबद्दल. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण ते थेंबाथेंबानं टाकायचो आणि गुलाबी झालं की बाई मार्क द्यायच्या, तेच हे. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याच्या कुशीत लोखंडाला गंज चढत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, ती अल्कता जाते, आणि हे मुरणं गजापर्यंत पोचलं की गज उघडा पडल्यासारखाच. मग ओल लागली की गंज धरतो, फुगतो, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. स्लॅबचे पोपडे पडतात ते असे. वरच्या मजल्यावर मसाला कुटतात म्हणून पडत नाहीत. (आमच्याकडे या विषयावर दोन कुटुंबं अकरा वर्षं बोलत नव्हती.) तर खांबाला ताजा खड्डा पाडून त्यावर हे द्रावण फवारतात. गुलाबी झालं तर काँक्रीट निरोगी. रंगच आला नाही, तर अल्कता गेली.

आमच्या जिन्याखालच्या खांबावर ते फवारलं, तेव्हा सगळी वसाहत जमली होती. वाट पाहिली. काही नाही. अजून एकदा फवारलं. राखाडी ते राखाडीच. दुसऱ्या मजल्यावरच्या आबांनी हात जोडले आणि म्हणाले, 'देवाची कृपा, काही निघालं नाही.' कोणीतरी पेढे आणले. फवारणाऱ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं पेढा घेतला. तुम्हीही घ्या. अहवालात 'रंगबदल आढळला नाही' एवढंच लिहा. वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि वाचणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ते शुभवर्तमान वाटेल.

आता वर्गवारी. धोकादायक इमारतींचे चार वर्ग असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२ बी म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्त करायची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. यात हात पोळू द्यायचे नसतील तर सी-१ लिहू नका; तीनशे माणसं कुठे ठेवायची हा प्रश्न लिहिणाऱ्याच्याच दारात येतो. सी-३ सुद्धा नको, किरकोळ म्हटलं की लोक लगेच 'मग करून टाका की' म्हणतात. सी-२ बी लिहावं. माणसं आत, दुरुस्ती कागदावर, आणि तुम्ही दोन्हींच्या बाहेर. आमच्याकडे एकाच इमारतीचे दोन अहवाल आहेत. पुनर्विकास हवा असलेल्यांनी आणलेला सी-१ आणि नको असलेल्यांनी आणलेला सी-३. दोन्हींवर सही आहे, शिक्का आहे, फोटोही आहेत. भेग तीच, एका फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवलीये आणि दुसऱ्यात तुळशीची कुंडी.

मे संपता संपता नोटीस लावायला विसरू नका. महापालिका अधिनियमाची २६४ आणि २६८ ही कलमं त्याचसाठी आहेत. 'सदर इमारत वास्तव्यास धोकादायक असून ती तात्काळ रिकामी करावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस रहिवासी स्वतः जबाबदार राहतील.' किती सुटसुटीत! जायचं कुठे ते लिहायचं नसतं, त्यासाठी वेगळं टेबल आहे. नोटीस खळ लावून जिन्यातल्या मोठ्या भेगेवरच चिकटवावी. आमच्याकडे आता पाच-सहा वर्षांच्या नोटिसांचा थर झालाय. एका जाणकार मिस्त्रीनं दाबून पाहिला आणि म्हणाला, राहू द्या, गिलाव्यापेक्षा बरा धरलाय.

अंदाजपत्रकाकडे फार वेळ घालवू नका. चालू दरसूचीवर करा, मान्यतेला पाठवा. ते परत येईपर्यंत नवी दरसूची आलेली असते, मग 'सुधारित अंदाजपत्रक सादर करावे' असा शेरा पडतो. सुधारा, पाठवा. सिमेंट, लोखंड आणि तुमचं वय असं मिळून वाढत राहतं, यात कोणाचाच दोष नाही.

पैसा रहिवाशांनी का साठवला नाही, असं मात्र जरूर विचारा. सोसायटीच्या उपविधीत सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामासाठी साठवायची पुंजी, सांगितलाय, सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, दरसाल. समजा त्या काळी एका घराला दहा हजार खर्च आला, तर वर्षाला झाले पंचवीस रुपये. साठ वर्षांचे दीड हजार. एवढ्यात गिलाव्याची एक भिंतसुद्धा होणार नाही, पण मिस्त्रीला तोंड भरून चहा पाजता येईल. त्याच उपविधीत असंही आहे की पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करावं. ऑडिट कधी करावं ते बारकाईनं दिलंय बघा. म्हणजे पाहण्यांना तोटा नाही, निर्धास्त राहा.

आणि आधुनिकीकरण! हा तुमचा हातखंडा व्हायला हवा. इथे राहणाऱ्यांना विचारलं तर ते भलतंच काहीतरी सांगतील. साठच्या दशकातलं वायरिंग एका पंख्याच्या आणि दोन दिव्यांच्या बेतानं केलेलं, त्यावर आता गीझर आणि इंडक्शन चालतं, तेव्हा मीटरची खोली आधी बघा, म्हणतील. बीडाचे पाईप आतून बुजलेत, म्हणतील. आबांना गुडघ्यामुळे चार महिने खाली उतरता आलेलं नाही, लिफ्ट बसेल का बघा, म्हणतील. ऐकून घ्या, मान हलवा आणि मार्चअखेरची वाट पाहा. तीस मार्चला निधी शिल्लक असतो आणि एका रात्रीत खर्च होईल अशा वस्तू जगात मोजक्याच आहेत. पेव्हर ब्लॉक, कमान, बाक आणि रंग. आमच्याकडे चांगले ब्लॉक उखडून त्यांच्या जागी दुसरे चांगले ब्लॉक बसवलेत. कमान आहे, कमानीवर कोणाच्या विशेष प्रयत्नांतून ते आहे. तीन बाक आहेत आणि तिन्ही बाकांवर नावं आहेत. बसायला गेलं की आपण कोणाच्या तरी मांडीवर बसतोय असं वाटतं. आबा ते खिडकीतून बघतात.

आता इमानदारीनं एक सांगतो, रहिवाशांचीही तुम्हाला मोठी मदत होते. आम्ही सगळ्यांनी गॅलऱ्या आत घेतल्या. फ्रीज बसत नव्हता म्हणून आमच्याकडे एक भिंत चार इंच तासली, ती भार घेणारी होती की नव्हती हे अजून कोणी विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. गच्चीवर बारा घरांच्या बारा काळ्या टाक्या आहेत, प्रत्येकी पाचशे लिटरच्या. म्हणजे भरल्या की सहा टन पाणी, ज्या स्लॅबवर मुळात पतंग उडवणारी पोरं आणि कुरडया एवढाच भार धरला होता. सांडपाण्याच्या पाईपातून पिंपळ आलाय. तो काढायचा विषय निघाला की जो तो दुसऱ्याला पुढे करतो. मुंजा बसलाय म्हणतात. एवढा एकच सदस्य आमच्याकडे दरवर्षी नियमानं वाढतो.

तर तुम्ही हे सगळं बघू नका, फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. रकाना नसला की प्रश्न नसतो. खूपच अंगावर आलं तर 'शेरा' या रकान्यात 'रहिवासी सहकार्य करीत नाहीत' लिहावं, तो सगळीकडे बसतो.

प्रत्येक पाहणीत दारावर नंबर टाकायची पद्धत आहे, तीही सोडू नका. आमच्या चौकटीवर लाल, निळा, पिवळा आणि दोनदा पांढरा असे नंबर आहेत. कुरिअरवाला निळ्यानं ओळखतो, दूधवाला पिवळ्यानं.

आठवी पाहणी गेल्या आठवड्यात आली. या वेळी कागद नाही, मोबाईलमधलं ॲप. मुलगा भला होता, चपला बाहेर काढून आत आला. स्वयंपाकघरातल्या तुळईला गज दिसतात, त्याचा फोटो काढला. ॲप म्हणालं, लोकेशन मिळत नाही. आमच्याकडे रेंज खिडकीत उभं राहून डावा हात बाहेर काढला तर येते, नाहीतर गच्चीवर. तो आधी खिडकीत गेला, पण तिथून तुळई दिसेना. मग आम्ही दोघं गच्चीकडे निघालो. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली ऑफिसात, ऑफिस जेवायला गेलेलं. पण दाराशी रेंज होती. 'काका, आज शेवटची तारीख आहे हो,' तो म्हणाला, आणि त्यानं दाराचा फोटो काढला. लगेच गेला. संध्याकाळी मेसेज आला की आमच्या घराची पाहणी पूर्ण झाली असून स्थिती समाधानकारक आहे. दार सागवानी आहे, साठच्या दशकातलं, त्याला खरंच काही झालेलं नाही.