रोखे 'सक्तीचे' नाहीत : एक खुलासा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतंय : 'रस्त्यांसाठी पालिकेने रोखे काढले तर ते घरटी घ्यावे लागतील, म्हणून विरोधाच्या सह्या करा.' गेटवरच्या रजिस्टरशेजारच्या सह्यांच्या कागदावरही कोणीतरी पेनाने हेच खरडलंय. साफ चूक. रोखे म्हणजे पालिकेने व्याजावर घेतलेलं कर्ज; ते गुंतवणूकदार स्वखुशीने घेतात; पुण्याने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे काढले, तेव्हा कुणाच्या दारात वसुली आली नव्हती. फेड मात्र पालिकेच्या उत्पन्नातून, म्हणजे आपल्या मालमत्ता करातूनही होते. म्हणून कोणता रस्ता, किती खर्च, कंत्राट कोणाला, हे आधी जाहीर करा, एवढीच मागणी आहे. दुसरा मुद्दा खाडीकाठच्या तिवरांचा, म्हणजे खारफुटीचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक कामासाठीही ती तोडायला त्या न्यायालयाची परवानगी लागते. पैसा उभा राहिला म्हणून ती अट सुटत नाही. सह्या याच दोन मुद्द्यांवर घेतल्या जाताहेत.