हान्सचे क्लू नव्हतेच, उगाच अ‍ॅनाला बावळट म्हणू नका

डिस्नेच्या फ्रोझन (२०१३) या अ‍ॅनिमेशन पिक्चरबद्दल एक गोष्ट इतकी शेअर होते की आता लोक ती सिद्ध झाल्यासारखीच सांगतात. राजकन्या अ‍ॅनाशी लग्न ठरवणारा आणि शेवटी सिंहासनासाठी तिच्या जिवावर उठणारा राजपुत्र हान्स पहिल्या सीनपासून व्हिलनच होता, क्लू सगळे दिलेत, दुसऱ्यांदा नीट बघा म्हणजे दिसतील, अ‍ॅना बावळट म्हणून तिला कळलं नाही. मला हे अजिबात पटत नाही, आणि पटत नाही ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नीट बघूनच.

"हातमोजे घालतो म्हणजे काहीतरी लपवतोय." अहो अ‍ॅनाची मोठी बहीण, बर्फाची जादू असलेली एल्सा पण घालते, आणि तो राजघराण्यातला माणूस तिच्या राज्याभिषेकाला आलाय. साप साप म्हणून भुई धोपटायची ती किती.

"अ‍ॅनासोबतच्या गाण्यात तो राजवाड्याकडे हात करतो, आपली हक्काची जागा शोधतोय म्हणतो." हे मान्य. बारा मोठे भाऊ डोक्यावर असलेला तेरावा राजपुत्र, त्याला सिंहासन हवंय हे त्यातून कळू शकतं. पण आयुष्यभर घरात कोणी विचारलं नाही म्हणून आपलं माणूस, आपली जागा शोधणारा मुलगा पण हेच म्हणेल, आणि अ‍ॅनाचं दुखणं सुद्धा तेच आहे.

आता पाण्याचा सीन, दोघांची पहिली भेट. अ‍ॅना घंटा ऐकून पळत जाते, हान्सचा घोडा होडीवरचा पाय उचलतो, हान्स होडीसकट पाण्यात. मग तो होडी वर उचलून ती गेली त्या दिशेला बघत राहतो आणि हसतो, आणि ते हसू कावेबाज नाहीये, चांगलं प्रेमात पडलेल्या पोराचं आहे. लोक म्हणतात हान्स आरशासारखा आहे, समोर जो असेल त्याच्यासारखा होतो. अरे पण समोर आहे कोण? घोडा! हे नाटक तो घोड्यासाठी करतोय का? ते प्रेक्षकांसाठी आहे, म्हणजे इथे हान्स अ‍ॅनाला फसवत नाहीये, पिक्चर आपल्याला फसवतोय. आणि आरशाचंच म्हणाल तर ज्या गोष्टीवरून हा पिक्चर सुचला त्या हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८४४ च्या 'द स्नो क्वीन'मधला सैतानी आरसा चांगलं ते खुजं करून वाईट ते मोठं दाखवतो, हान्सचं तर बरोबर उलटं आहे.

"एल्सा पळून जाऊन राहते त्या बर्फाच्या महालात तो मुद्दाम झुंबर पाडतो, एल्साला मारायला." हा लोकांचा सगळ्यात लाडका पुरावा, कारण तो वर बघतो हे खरंच दिसतं. पण वेसलटन या दुसऱ्या राज्याच्या माणसाने बाण आधीच एल्सावर रोखलेला असतो. हान्सने नुसतं गप्प उभं राहायचं होतं, ती मेली असती आणि खापर वेसलटनच्या माथी फुटलं असतं. त्याऐवजी तो आधी ओरडून तिला भानावर आणतो, मग बाणाची दिशा बदलतो. यावर उत्तर येतं की एल्साच्या जादूने पडलेला हिवाळा थांबवायला त्याला ती जिवंत हवी होती. बरं, मग झुंबर पाडून तिलाच मारायला निघाला हे कसं? दोन्ही क्लू एकदम खरे असू शकत नाहीत, एक कुठलातरी निवडा.

आणि शेवटी हान्सचं खरं रूप कळतं ती खोली. एल्साची जादू चुकून लागून अ‍ॅना मरायला टेकलीये, खऱ्या प्रेमानेच वाचेल म्हणून हान्सकडे किस मागतेय. त्याने किस केला असता तरी काही झालं नसतं, कारण प्रेमच नाही, ती त्याच्याच मिठीत गेली असती आणि बाहेर सगळ्यांनी त्याचे अश्रू पुसले असते. तसं न करता हा हुशार माणूस तिला सगळा प्लॅन सांगतो, शेकोटी विझवतो आणि तिला जिवंत सोडून कुलूप लावून निघून जातो, मग ओलाफ हा बोलका बर्फाचा बाहुला गाजराच्या नाकाने ते कुलूप उघडतो. तासभर संयमाने खेळणारा माणूस पाच मिनिटांत असा कसा वागेल?

मला राग येतो तो अ‍ॅनावर खापर फोडण्याचा. दार बंद ठेवून वाढवलेली पोरगी, आईवडील गेलेले, बहीण बोलत नाही, पहिल्यांदा दरवाजे उघडतात त्याच दिवशी कोणीतरी तिचं सगळं ऐकून घेतो. ती लगेच लग्नाला हो म्हणते ही चूक आहेच, एल्सा आणि वाटेत तिला मदत करणारा क्रिस्टॉफ दोघंही तिला तोंडावर सांगतात. पण एका दिवसाच्या ओळखीत लग्न ठरवणं वेगळं आणि समोरचा खुनी आहे हे न ओळखणं वेगळं. पडद्यावर जे नव्हतंच ते तिने कुठून बघायचं?

ती पळून गेल्यावर पाण्यातलं ते हसू हळूच मावळलं असतं तरी पुरे होतं. एक सेकंद लागला असता.