खरी लावणी, खरं कंट्री

२०२४ चा पाडवा तोंडावर आला होता. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या होत्या, गावोगावचे कारभारी सुपारी ठरवायला जात होते, आणि आमच्या गावच्या यात्रा कमिटीत भांडण पेटलं होतं. फडाचा तमाशा आणायचा की साउंडवर गाणी लावून नाचणाऱ्या मुलींचा कार्यक्रम? माझा मावसभाऊ कमिटीत आहे. तिकडे रात्र झाली की तो फोन करायचा. इथे ह्यूस्टनमध्ये तेव्हा सकाळ असते.

"ताई, म्हातारी माणसं म्हणतात, ही लावणीच नव्हे. पोरं म्हणतात, खरी लावणी आता बघतंय कोण? तू सांग."

त्याच दिवसांत, २९ मार्चला, अमेरिकन गायिका बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' हा अल्बम आला. ती याच शहरात जन्मलेली. सत्तावीस भागांचा हा अल्बम ऐकून आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तेच भांडण सुरू झालं: हे खरं कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं ग्रामीण गाणं, आहे का? ती स्वतः आधीच म्हणाली होती की हा कंट्री अल्बम नाही, हा बियॉन्सेचा अल्बम आहे. पण तेवढ्याने कोणी गप्प बसलं नाही.

मी इथे आले तेव्हा कंट्री म्हणजे गोऱ्या शेतकऱ्यांचं, टोपीवाल्यांचं गाणं अशीच माझी समजूत होती. इथे रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या खेळांचा मेळा भरतो, त्याच्या आधी घोड्यांवरून आणि बैलगाडीसारख्या जुन्या गाड्यांतून शहरात येणारे जथ्थे पाहिले. त्यांतले काही संपूर्ण कृष्णवर्णीय स्वारांचे होते. ती समजूत तिथेच गेली.

मग वाचत गेले. ज्या बँजोशिवाय हे संगीत डोळ्यांपुढे येत नाही, त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यांत आहे. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतल्या गाण्यांची वाटणी विक्रीसाठी केली: काळ्यांच्या रेकॉर्ड एका यादीत, गोऱ्यांच्या दुसऱ्या. गाणारे एकमेकांकडून चाली उचलतच होते, पण दुकानातले कप्पे वेगळे झाले आणि पुढे त्या कप्प्यांनाच लोक परंपरा म्हणू लागले. डीफोर्ड बेली हा माउथ ऑर्गन वाजवणारा कृष्णवर्णीय माणूस नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचा सुरुवातीचा लाडका कलाकार. १९४१ मध्ये त्याला काढलं. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ साली, तो गेल्यावर तेवीस वर्षांनी. लिंडा मार्टेल त्याच ऑप्रीच्या मंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय बाई; तिचा एकच अल्बम निघाला, १९७० मध्ये. बियॉन्सेने तिला शोधून तिचा आवाज आपल्या अल्बममध्ये घेतला. मला या अल्बमची सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळालेली दोन मोठी ग्रॅमी पारितोषिकं त्यानंतर. कंट्रीचे पुरस्कार देणाऱ्या कंट्री म्युझिक असोसिएशनने मात्र २०२४ मध्ये बियॉन्सेला एकही नामांकन दिलं नाही.

आता गावाकडे वळते. लहानपणी आमच्या यात्रेत तमाशा यायचा तेव्हा मला कनातीपर्यंतही जाऊ दिलं जात नसे. मी माळवदावर पडून ढोलकी ऐकायची. चांगल्या घरच्या मुलींनी ते बघायचं नसतं, असं आजी सांगायची. ज्या माणसांनी तेव्हा मला अडवलं, तीच आज "ही आपली खरी परंपरा" म्हणून नव्या मुलींना नावं ठेवतात. मला हे सहन होत नाही. लावणी म्हटलं की राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव ही नावं आपल्याला पाठ असतात. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी. पवळाबाईंसाठी त्यांनी जात सोडली, हेही आपण कौतुकाने सांगतो. पण महार समाजातल्या त्या पवळाबाईंचं गाणं, नाचणं, त्यांचं पुढे काय झालं, हे कोण सांगतं? यमुनाबाई वाईकरांनी बैठकीच्या लावणीची अदा आयुष्यभर जपली, त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, नव्वदी उलटल्यावर.

तरी म्हाताऱ्यांचं सगळंच चूक नाही, आणि हे मला भावाला सांगायचं होतं. बियॉन्सेच्या मागे पैसा आहे, ताकद आहे. साउंडवर नाचणाऱ्या मुलीच्या मागे कोणी नाही. तिच्यावर राग काढणं सोपं आहे म्हणून लोक काढतात. खरा घाव दुसऱ्यावर बसलाय. साउंड आला की ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावर झील धरणारा, सगळे घरी बसतात. बियॉन्सेच्या अल्बममधलं 'टेक्सस होल्डेम' हे गाणं सुरू होतं तेच रिॲनन गिडन्सच्या बँजोवर. हाताने वाजवलेला बँजो, तोही त्याचा आफ्रिकी वारसा आयुष्यभर शोधणाऱ्या बाईचा. गाण्यात नवं काय घालायचं ते घाला, कपडे कुठलेही घाला. पण वाजवणारा माणूस समोर बसलेला हवा आणि त्याला पैसे मिळायला हवेत. "खरी" या शब्दाचा मला एवढाच अर्थ लागतो.

मी भावाला म्हटलं, फड आणा, वाटलं तर नवी गाणीही म्हणायला सांगा, पण साउंड नको. त्याने खर्चाचा आकडा सांगितला. फरक मोठा होता. इथल्या गाववाल्या तिघांना विचारून आम्ही वर्गणी पाठवली.

यात्रा झाल्यावर त्याने छापलेल्या पत्रकाचा फोटो पाठवला. वर देवाचं नाव, खाली फडमालकाचं, बाजूला चौदा पुढाऱ्यांचे फोटो. गाणाऱ्या एकाही बाईचं नाव नाही, ढोलकीवाल्याचं नाही. मी लगेच फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "नावं तर आम्ही विचारलीच नाहीत, ताई." दुसऱ्या दिवशी त्याने फडाच्या मॅनेजरला फोन लावून ती विचारून घेतली. सात नावं आहेत. यादी माझ्याकडे आहे, पुढच्या वर्षीच्या पत्रकाच्या मजकुरासोबत ती कमिटीला पाठवणार आहे.