टूथपेस्टने ओरखडा जात नाही, क्लिअर कोट जातो

फॅमिली ग्रुप, सोसायटी ग्रुप आणि ऑफिसचा ग्रुप, तिन्हीकडे एकाच आठवड्यात तोच मेसेज येऊन पडलाय. "गाडी दहा वर्षं शोरूमसारखी ठेवायचे घरगुती उपाय, पॉलिशवाल्यांना पैसे देऊ नका." खाली सहा मुद्दे आणि हात जोडलेले इमोजी. पैसे वाचवायला माझी ना नाही, पण यातले पाच उपाय केले तर पॉलिशवाल्याकडे लवकरच जावं लागेल.

आधी एक गोष्ट, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीचा रंग आपण हाताने चोळतच नसतो, त्याच्यावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, आणि सगळी चमक त्याचीच. जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्यावरचा केस ७०च्या आसपास असतो, म्हणजे बघा. पाच-सात वर्षं उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर पांढरे पोपडे दिसतात ना, तो हाच थर सुटलेला असतो, आणि तिथे मग कितीही घासा, रिपेंटशिवाय इलाज नाही.

आता मुद्दे. "टूथपेस्टने ओरखडे गायब." मी केलंय हे. काळी गाडी, बोनेटवर बोटभर लांबीची रेघ, संध्याकाळी बसून जुन्या बनियनच्या तुकड्याने मस्त घासली आणि रेघ दिसेना म्हणून बायकोला बोलावून दाखवली पण. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर बघतो तर रेघ तिथेच, आणि तिच्या भोवती तळहाताएवढा धुरकट डाग. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक खडूसारखी नाहीतर सिलिकाची पूड असते, ती रेघेच्या आजूबाजूचा चांगला थर खरवडते आणि मधल्या भेगेत पांढरी पेस्ट भरून बसते, म्हणून तेवढ्यापुरतं गेल्यासारखं वाटतं. रेघेवरून नख आडवं फिरवून बघा, नख अडकलं तर ती खोल आहे, तिथे घासून काही होत नाही, टचअपचा रंग लावा. नाही अडकलं तर रबिंग कंपाउंड, म्हणजे गाडी घासायची पेस्ट, आणि पॉलिश, तेही क्वचित, कारण तेही थर कमीच करतं.

"पाण्यात थोडं रॉकेल टाकून पुसा, आरसा होते गाडी." होते ना, दोन तास. तो तेलाचा तवंग असतो, त्यावर रस्त्याची धूळ येऊन चिकटते आणि दारांची रबरं फुगतात ती वेगळीच. डांबराचे थेंब काढायला बोळ्यावर किंचित रॉकेल चालतं, लगेच धुऊन टाकायचं.

"रोज सकाळी कोरडं फडकं मारा." माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हा मुद्दा करतो आणि गंमत म्हणजे हाच सगळ्यांना निरुपद्रवी वाटतो. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते फडक्याखाली सापडले की पॉलिश पेपरच झाला तो. सोसायटीत एका बादलीत बारा गाड्या पुसतात, तिसऱ्या गाडीनंतर ते पाणी चहासारखं झालेलं असतं. रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली गाडी उभी करा आणि बोनेटवर दिव्याचं प्रतिबिंब बघा, भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. आमच्या गाडी धुणाऱ्या काकांना मी सांगितलंय, काका, आठवड्यातून दोनदाच या पण आधी नुसतं पाणी मारा, मग कार शाम्पू, आणि फडकं पिळायला दुसरी बादली. पगार तोच ठेवला म्हणून ऐकलं त्यांनी.

"भांड्याचं लिक्विड वापरा." तेल-तूप काढायलाच बनवलंय ते, गाडीवरचं वॅक्सही घेऊन जातं. पुढे.

"नाइन एच सिरॅमिक कोटिंग करा, मग ओरखडाच पडत नाही, धुवायचीही गरज नाही." घरगुती उपायांत हे कुठून आलं, मेसेज कोणी लिहिला असेल अशी शंका येते इथे. ते नाइन एच म्हणजे पेन्सिलच्या टेस्टमधला नंबर, पेन्सिलीच्या शिशाने ओरखडा पडत नाही एवढंच. कोटिंग असतं क्लिअर कोटवर चढवलेलं, एक-दोन मायक्रॉनचं. पाणी घरंगळतं, चिखल लवकर सुटतो, हे खरं, धुणं सोपं होतं पण टळत नाही. घाटात खडीच्या ट्रकमागे लागलात तर दगड कोटिंग विचारत नाही, त्यासाठी पीपीएफ असते, पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायची दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म, आणि तिचा भाव ऐकून बरेच जण ओरखड्यांशी जुळवून घेतात.

सहावा, "भर उन्हात गाडी धुऊ नका." हा बरोबर आहे, फक्त कारण भलतंच दिलंय, रंगाला तडे जातात म्हणे. तडे वगैरे नाही हो, गरम पत्र्यावर पाणी पुसायच्या आत सुकतं आणि बोअरचं पाणी असेल तर क्षाराचे पांढरे ठिपके मागे राहतात. ताजे असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून निघतात, मग साध्या पाण्याने धुवा. माझे निघाले, टूथपेस्टचा डाग तेवढा आहे अजून.