सीईटीत ‘मार्क कापतात’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पालकांच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरायला लागलाय. थोडक्यात असा: एमएचटी-सीईटीत (इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशाची राज्याची परीक्षा, ती अनेक शिफ्टमध्ये वेगवेगळ्या पेपरांवर होते) नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे सगळ्या शिफ्टचे मार्क एका मापात आणण्याच्या, नावाखाली मार्क कापतात, 90 पर्सेंटाइल म्हणजे 200 पैकी 180, तीन विषयांची सरासरी टोटलशी जुळत नाही म्हणजे घोटाळाच, सोप्या शिफ्टवाल्यांची चांदी, सुप्रीम कोर्टाने हे सगळं रद्द केलंय, आणि म्हणून येत नसेल तो प्रश्न सोडून द्या. खाली अर्थातच ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’.

‘मार्क कापतात.’ कुठून कापणार? पर्सेंटाइल काढताना मार्कांत काही मिळवत नाहीत की वजा करत नाहीत. तुमच्या शिफ्टला जेवढे बसले त्यातल्या किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क पडले ते मोजायचं, शिफ्टच्या एकूण मुलांनी भागायचं आणि 100 ने गुणायचं, झालं. समजा शिफ्टला 20,000 मुलं आहेत, तुम्हाला 120 पडले आणि 19,000 जण (तुम्ही धरून) 120 किंवा त्याखाली आहेत, तर तुम्ही 95 पर्सेंटाइल. दुसऱ्या दिवशीचा पेपर अवघड निघाला आणि तिथे 98 मार्कांवर हाच हिशोब जुळला तर तो मुलगापण 95. म्हणूनच प्रत्येक शिफ्टचा टॉपर 100 पर्सेंटाइलला असतो, मग त्याला 200 पैकी 171 पडलेले असले तरी. आणि त्याच 20,000 च्या शिफ्टमध्ये एकटा दुसरा आलेला 99.995 वर, कारण एक माणूस म्हणजे तिथे 0.005.

‘90 म्हणजे 180 मार्क.’ वरचं वाचल्यावर हे कुठे बसतंय सांगा. उलट खरी फसगत इथेच होते, 85 पर्सेंटाइल बघून घरात पेढे वाटतात आणि कॅप राउंडला (सरकारी प्रवेश फेरीला) कॉलेजांचे कटऑफ बघून सगळे गप्प. 2025 ला पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपला चार लाखांच्या वर मुलं बसली होती, म्हणजे 85 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण 60,000 जण!

‘सरासरी जुळत नाही.’ जुळणारच नाही हो. टोटलचं पर्सेंटाइल तीन विषयांच्या पर्सेंटाइलवरून काढतच नाहीत, ते 200 पैकीच्या एकूण मार्कांवर वेगळं काढतात, त्यात मॅथ्स 100 मार्कांचं आणि फिजिक्स, केमिस्ट्री 50-50 चं. तिन्ही विषयांत 95 असलेल्याला टोटलला 97 सुद्धा मिळू शकतात, कारण फिजिक्सला पुढे असलेली मुलं केमिस्ट्रीलाही पुढे असतीलच असं नाही.

‘सोप्या शिफ्टवाल्यांची चांदी.’ पेपर सोपा तर तो शिफ्टमधल्या सगळ्यांनाच सोपा, म्हणजे वर गर्दी, आणि दोन मार्कांचं एक गणित चुकलं की एकदम कितीतरी जण पुढे जातात, हुशार पण धांदरट पोरांना तर सोपी शिफ्टच जास्त महागात पडते. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. हा हिशोब एका गृहीतकावर उभा आहे, की प्रत्येक शिफ्टला हुशार-मध्यम-कच्ची मुलं साधारण सारख्याच प्रमाणात बसलीत. हजारो मुलं सरमिसळ बसली तर ते बऱ्यापैकी खरं ठरतं, शिफ्ट लहान असेल तर कमी. दशांशानंतर सात आकडे छापले म्हणून मोजमाप तेवढं अचूक होत नाही, हे माझं मत. आणि चिडायचंच असेल तर चुकीच्या प्रश्नांवर चिडा ना. 27 एप्रिल 2025 च्या एका शिफ्टला मॅथ्सच्या 50 पैकी 21 प्रश्नांत घोळ निघाला, त्या मुलांना 5 मे ला परत बसावं लागलं. तो राग शंभर टक्के रास्त होता, फॉर्म्युल्याचा त्यात काही संबंध नव्हता.

‘सुप्रीम कोर्टाने रद्द केलं.’ नाही. मे 2025 मधला तो आदेश नीट-पीजीबद्दल (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) होता, ती परीक्षा दोन ऐवजी एकाच शिफ्टमध्ये घ्या म्हणून, आणि मग ती 3 ऑगस्टला तशी झालीही. नॉर्मलायझेशन अपवाद म्हणून चालेल, सरसकट नको, असं कोर्टाचं म्हणणं होतं. वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर तंतोतंत सारखे अवघड असू शकत नाहीत हेही कोर्ट बोललं, आणि ते बरोबरच आहे. पण सीईटीचा फॉर्म्युला त्या आदेशाने रद्द झालेला नाही.

‘येत नसेल तर सोडून द्या.’ मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य हे, बाकीच्याने नुसता गैरसमज होतो, याने मार्क जातात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, जेईईला आहे, आणि लोक दोन्हीची खिचडी करतात. मॅथ्सचे 20 प्रश्न कोरे सोडले तर शून्य, चार पर्यायांतून डोळे मिटून टिक केले तर सरासरी पाच लागतात, म्हणजे 10 मार्क. फक्त घड्याळावर लक्ष ठेवा, फिजिक्स-केमिस्ट्रीची 90 मिनिटं संपली की तो भाग बंद होतो आणि परत मागे जाता येत नाही, त्यामुळे तिथले राहिलेले प्रश्न शेवटच्या दोन-तीन मिनिटांत भरूनच मॅथ्सला जा.