तिसरा कागद राहिला

अमेरिकी माजी सैनिकांच्या अपंगत्व-भरपाईच्या दाव्यांवरच्या लेखातलं ‘निदान आणि सेवेतली नोंद जोडली की दावा मंजूर’ हे वाक्य अर्धवट आहे. हे दावे तपासणाऱ्या अमेरिकेच्या व्हेटरन्स अफेअर्स (माजी सैनिकांच्या) खात्यात घोडं अडतं ते तिसऱ्या कागदावर: आजचा आजार सेवेतल्या त्या घटनेमुळेच, असं कारणांसकट सांगणारं डॉक्टरांचं मत. ‘असू शकेल’ असं मोघम लिहिलं तर उपयोग शून्य. ‘शक्यता किमान ५० टक्के’ एवढं पुरतं, कारण पारडी समसमान असली तर कौल सैनिकाला मिळतो. सेवेत गुडघा दुखावला, आज सांधा झिजलाय, पण मधल्या वीस वर्षांत उपचाराची एकही चिठ्ठी नाही, की तपासणारा डॉक्टर सरळ वयाकडे बोट दाखवतो.

आणि सेवेत विषारी पदार्थांच्या संपर्कात आलेल्यांसाठीच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्याचा लेखात साधा उल्लेखही नाही! ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या काळात सेवा झाली असेल, तर यादीतल्या आजारांना हा तिसरा कागद लागतच नाही.