जास्वंद, कुक्षी आणि भुट्ट्याचा कीस

सातवीतील नातीला फुलाचे भाग समजावून देण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले, कारण लहानपणी मराठीतून घोकलेले वनस्पतिशास्त्र मला अजून मुखोद्गत आहे, असा माझा समज होता.

गणपतीसाठी काढून ठेवलेल्या जास्वंदींपैकी एक मी तबकातून उचलली आणि दाढीच्या पात्याने उभी चिरली. ‘‘देवाचे फूल चिरलेत?’’ सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, तरी त्या दिवशी मला दुसऱ्यांदा चहा मिळाला नाही. बाहेरचा हिरवा निदलपुंज (त्याखालच्या आणखी एका हिरव्या झालरीकडे मी सोयीस्कर दुर्लक्ष केले), पाच पाकळ्यांचा दलपुंज, मधल्या नळीवर दाटीने उगवलेले पुंकेसर, आणि त्या नळीतून टोकाशी डोकावणाऱ्या पाच मखमली कुक्षी.

‘‘आजोबा, कुक्षी तर धार जिल्ह्यात आहे. बाबांची बदली झाली होती तिथे.’’

शाळेच्या पुस्तकात स्टिग्मा, शिकवणीच्या हिंदी वहीत वर्तिकाग्र आणि आजोबांच्या तोंडी कुक्षी, असे एकाच ठिकाणाचे तीन पत्ते असल्यावर परागकणाने उतरावे तरी कोठे? तरीही मी त्याला कुक्षीवर उतरवले, त्यातून निघालेली नलिका कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीच्या देठातून, अंडाशयातील बीजांडापर्यंत नेली, बीजांडाचे बी आणि अंडाशयाचे फळ करून दाखवले आणि विजयी मुद्रेने चष्मा पुसू लागलो.

‘‘मग आपल्या जास्वंदीला फळ का येत नाही?’’

बागेतल्या जास्वंदीला आपल्याकडे फळ क्वचितच धरते. ती फांदी खोचून लावतात आणि आमचीही शेजारच्या कुंपणावरून तशीच आली होती. तिच्याच कुळातील भेंडीच्या चकतीत अंडाशयाचे पाच कप्पे स्वच्छ दिसतात, परंतु नात भेंडीच्या ताटासमोरही बसत नाही.

अखेर इंदुरी पावसाळा मदतीला आला. कीस करण्यासाठी आणलेल्या भुट्ट्यांतील एक मी सोलला. मक्याचा शेंड्यावरचा तुरा नर आणि खालचे कणीस मादी. आपण ओढून फेकतो ती रेशमी शेंडी म्हणजे लांबच लांब कुक्षीवृंत, दर दाण्यामागे एक धागा. ज्या धाग्याला पराग मिळाला नाही, त्याचा दाणा भरत नाही.

नातीने कणीस फिरवून पाहिले. टोकाशी सात-आठ दाण्यांची जागा रिकामी होती. किसणी घेऊन आजी मागे उभीच होती.

‘‘यांचे परागकण,’’ नात गंभीरपणे म्हणाली, ‘‘धारच्या बसमध्ये बसले असणार.’’